‘शॉर्टसर्किट’ हे उत्तर नव्हे

मालमोटार भर रस्त्यावर पेटली, की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तातले एक वाक्य ठरलेले असते: ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ हे वाक्य उच्चारले म्हणजे चौकशी आटोपली, जबाबदारी मिटली आणि दैवाला दोष देण्यास सर्वजण मोकळे झाले, अशी सोयीस्कर रूढी आपल्याकडे पडून गेली आहे. १९ मार्च २०२५ रोजी पुण्याजवळ हिंजवडी येथे कामगारांची गाडी पेटून चार जणांचा अंत झाला, तेव्हाही प्रथम हाच शब्द पुढे आला. आणि ती आग चालकानेच लावली होती, असे पुढे तपासाअंती पोलिसांनी सांगितले. तपासापूर्वीच कारण सांगण्याची आपली सवय किती घातक आहे, याचा याहून बोलका दाखला कोणता हवा? आणि जेथे कारण खरोखरच विजेचे असते, तेथेही हा शब्द म्हणजे उत्तर नव्हे. प्रश्नाचा आरंभच तेथून होतो.

हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला परका नाही. वाळूजची औद्योगिक वसाहत गंगापूर तालुक्यातच आहे. कायगाव टोक्याच्या पुलावरून पुण्याकडे जाणारी मालाची रहदारी आणि समृद्धी महामार्गावरून धावणाऱ्या गाड्या, या दोहोंचाही भार हा तालुका वाहतो. कापसाच्या आणि उसाच्या हंगामात या रहदारीत जुन्या गाड्यांची भर पडते. कापसाने भरलेल्या गाडीत एक ठिणगी काय करील, हे सांगण्यास तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

मालमोटारीत बहुधा बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्टची वीज खेळविलेली असते. चोवीस व्होल्टचा झटका माणसाला फारसा जाणवत नाही, म्हणून ही वीज निरुपद्रवी, असा समज दृढ झाला आहे. हा समजच घात करतो. पंचाहत्तर वॅटचा एक दिवा सुमारे तीन अँपिअर प्रवाह घेतो. परंतु वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी तारेवरचे वेष्टन झिजून उघडे तांबे लोखंडी चॅसीला टेकले, म्हणजे तीच बॅटरी क्षणार्धात शेकडो अँपिअर ओतू शकते. तार लाल होते, वेष्टन पेटते, आणि जवळ डिझेल वा ग्रीस सांडलेले असल्यास पुढचे काम आग स्वतःच करते. तारेवर फ्यूज नसेल, तर इंजिन बंद असतानाही हे घडू शकते. रात्री ढाब्यापाशी गाडी लावून केबिनमध्ये झोपी गेलेल्या चालकाचे आणि क्लीनरचे प्राण तेव्हा त्या तारेवर टांगलेले असतात.

या संकटावर नेमलेला पहारेकरी म्हणजे फ्यूज. तो दिव्याच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो, आणि स्वतः जळून गाडी वाचविणे हेच त्याचे कर्तव्य होय. परंतु फ्यूज वारंवार उडू लागला, की तो का उडतो हे पाहण्याऐवजी त्याच्या जागी जाड तार गुंडाळण्याची रीत रस्तोरस्ती दिसते. चोर आल्याची हाक देणाऱ्या राखणदाराचेच तोंड बांधण्यासारखे हे आहे. त्यात जादा दिवे, मोठे हॉर्न, पंखे आणि गाण्यांची यंत्रे मूळ तारेला पीळ देऊन जोडली जातात, आणि वर चिकटपट्टी गुंडाळली की काम झाले असे मानले जाते. ढिल्या सांध्याची गोष्ट तर याहून कठीण आहे. तो तापतो, पण प्रवाह वाढत नसल्यामुळे फ्यूज उडत नाही. म्हणून चांगल्या फ्यूजइतकेच चांगले वायरिंगही आवश्यक आहे. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

उपाय अवघड नाहीत. बॅटरीच्या अगदी जवळ मुख्य फ्यूज. प्रत्येक शाखेला तारेच्या जाडीस साजेसा वेगळा फ्यूज. पत्र्यातून तार जाते तेथे रबरी कडे. जादा उपकरणांसाठी स्वतंत्र तार आणि रिले. गाडी उभी करताना बॅटरी तोडणारा कट-ऑफ स्विच. आणि ज्या गाडीत सांध्यावर सांधे चढले आहेत, तिचे वायरिंग समूळ बदलणे. हंगाम संपल्यावर गाडी उभी असते, तेव्हाच हे काम करून घेणे शहाणपणाचे.

मग हे होत का नाही? एकच गाडी आणि तिच्यावर कर्ज, अशा मालकाला भाड्याच्या घासाघिशीत दुरुस्तीचा खर्च जड जातो, हे आम्ही जाणतो. पण स्वस्त भाड्याचा लाभ ज्या साखर कारखान्यांना, व्यापाऱ्यांना आणि उद्योगांना होतो, त्यांनी या प्रश्नापासून हात झटकावेत हे आम्हांस मान्य नाही. माल चढविण्यापूर्वी फ्यूजची पेटी उघडून पाहण्याचा दंडक त्यांनी घातला, तर कायद्यापूर्वीच सुधारणा होईल.

कायदाही मुका नाही. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीस दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. परंतु दिवा लागतो काय आणि हॉर्न वाजतो काय, एवढे पाहून परीक्षा पूर्ण होत नाही. त्या दिव्यापर्यंत वीज कोणत्या वाटेने जाते, हेही पाहिले पाहिजे. रस्त्याकडेच्या वायरमनला दोष देऊनही भागणार नाही. त्याचे हात कुशल आहेत. त्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून अल्प मुदतीचे शिक्षण आणि प्रमाणपत्र मिळाले, तर तोच या आगींविरुद्धचा पहिला शिपाई ठरेल.

आणि शेवटी, प्रत्येक जळालेल्या गाडीची चौकशी पूर्ण होऊन कोणती तार, कोणता सांधा, कोणता गाळलेला फ्यूज, हे जाहीर झाले पाहिजे. जो समाज काही रुपयांचा फ्यूज वाचवितो आणि मागाहून राखेला दैव म्हणतो, त्याला दैवाविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही.