बॉनेट उघडायचं कुणी?

आपल्यातल्या बऱ्याचजणी आता गाडी चालवतात. संस्थांच्या दारातही गाड्या दिसतात, बहुतेक कुणीतरी वापरून विकलेल्या, दहा-पंधरा वर्षं जुन्या. स्टिअरिंग बायकांच्या हाती आलं ही मोठीच गोष्ट झाली. पण गाडी वाटेत बंद पडली की आपण अजूनही ओळखीच्या एखाद्या पुरुषाला फोन करतो आणि तो सांगेल त्या गॅरेजात जातो. बॉनेटखालचं जग आपण परस्पर पुरुषांच्या नावे करून टाकलं आहे. ते परत मागायला हवं असं मला वाटतं.

आमच्या संस्थेची जुनी पेट्रोल गाडी अशीच चालता चालता बंद पडायची. ह्याच गाडीतून आम्ही रात्री-अपरात्री बायकांना दवाखान्यात, पोलीस ठाण्यात नेतो. नेसत्या कपड्यानिशी घर सोडून आलेली बाई मागच्या सीटवर, आणि गाडी भर रस्त्यात ठप्प! एका गॅरेजवाल्याने तीन खेपांना तीन वेगवेगळे भाग बदलले. नेमकं काय बिघडलंय विचारलं तर, "मॅडम, तुम्हाला नाही कळायचं." जुने भाग मागितले तर ते भंगारात गेलेले.

मग गाडी चालवणाऱ्या कार्यकर्तीने एक वही केली. बाई 'चक्कर येते' म्हणाली की आपण कधीपासून, कशानंतर, उपाशीपोटी का, असं विचारतोच ना? तेच प्रश्न गाडीला. किती वेळ चालल्यावर बंद पडली? झटका देत, की दिवा मालवावा तशी एकदम? डॅशबोर्डवरचे दिवे राहिले की गेले? पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला?

पेट्रोल इंजिनाला हवेखेरीज दोन गोष्टी लागतात: इंधन आणि ठिणगी. गाडी आचके देत, दम तुटत बंद पडली तर बहुधा इंधन कमी पडतंय; फिल्टर तुंबला असेल, पंप थकला असेल. बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडताना जोरात हवा आत ओढली गेली तर टाकीला हवाच मिळत नाहीये. फक्त पाय काढल्यावर, सिग्नलपाशी बंद पडते? मग मंद गतीची हवा-पेट्रोलची व्यवस्था तपासायची. सगळे दिवेच गेले तर आधी बॅटरीची टर्मिनलं हलवून बघा; सैल टर्मिनल घट्ट करायला पाना पुरतो. आमच्या वहीत मात्र दर वेळी एकच हकीकत: अर्धा-पाऊण तास चालल्यावर, एकदम, दिवे चालू असताना बंद, वीस मिनिटं निवल्यावर पुन्हा सुरू. ती वही घेऊन आम्ही दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने ती शांतपणे वाचली, गाडी तापू दिली आणि ठिणगी तपासली. ती येतच नव्हती. इग्निशन कॉइल तापल्यावर आतून तुटत होती.

(इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही एक-दोन दाबांत संपते. ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका, एकदाच जोर लावून दाबून धरा. हे प्रत्येकीला माहीत हवं.)

हे बायकांचं क्षेत्रच नाही म्हणणाऱ्यांना बर्था बेंझची आठवण करून द्यावी. ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेली मोटार जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास, शंभरएक किलोमीटरचा. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने हॅटच्या पिनेने साफ केली. ठिणगीची तार उघडी पडली, तिला मोज्याच्या पट्ट्याचं आवरण दिलं. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. इंधन आणि ठिणगी, दोन्ही बिघाड पहिल्याच प्रवासात एका बाईने ओळखले आणि दुरुस्त केले. शिवाय ह्या मोटारीच्या धंद्यात तिच्या हुंड्याचे पैसे होते. नाव मात्र नवऱ्याचं झालं!

आता म्हणतील, हल्लीच्या गाड्यांचं सगळं संगणकावर असतं. खरं आहे, यंत्र लावलं की बिघाडाचा कोड दिसतो. पण कोड कुठल्या वाटेवर अडचण आहे एवढंच सांगतो. सेन्सर खराब की त्याची तार तुटलेली, हे शोधावंच लागतं. तो कोड आपल्यालाही दाखवा, असं आपण म्हणू शकतो.

मुलींसाठी प्रशिक्षण म्हटलं की आपल्याच संस्था अजून शिवणकाम आणि ब्यूटी पार्लरकडे वळतात. ड्रायव्हिंगचे वर्ग काही ठिकाणी सुरू झाले, पण तेही स्टिअरिंगपाशी थांबतात. त्यात दोन दिवस बॉनेट उघडं ठेवून शिकवायला काय हरकत आहे? तोवर प्रत्येक गाडीत एक वही आणि पेन ठेवा. आणि गॅरेजच्या बिलावर बदललेल्या भागाचं नाव लिहून घेतल्याशिवाय, जुना भाग ताब्यात आल्याशिवाय पैसे देऊ नका.