जगतापांची कथा कोण वाचणार?

मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा नारायणगावच्या स्टँडजवळ एका पुस्तकाच्या दुकानात विचारलं, ''विज्ञानकथांचं नवीन काही आलंय का?'' दुकानदाराने मान न वळवता मागे हात घातला आणि स्पर्धा परीक्षेचं 'सामान्य विज्ञान' पुढ्यात ठेवलं. ''घ्या, यंदाची आवृत्ती आहे.'' आता याला नवीन नाही असं कसं म्हणणार!

त्या दुकानापासून खोडद फार लांब नाही. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ताटल्या शिवाराच्या वर मान काढून उभ्या असतात. एकूण ३०, चौदा दाटीवाटीने, बाकीच्या तीन दिशांना लांबवर पांगलेल्या. खाली टोमॅटो, वर पल्सारचे संकेत. विज्ञानकथेला याहून चांगलं माहेर कुठलं?

दोष मात्र दुकानदाराचा नाही, मागणी करणाऱ्यांचा आहे, आणि त्यात आपलं मंडळ आलंच. आपल्या ग्रंथालयातलं विज्ञानकथेचं कपाट उघडा: नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, खालच्या फळीवर नारायण धारप. उत्तम मंडळी. पण मंडळाच्या ग्रंथालयासाठी मागवायच्या पुस्तकांच्या पार्सलची यादी करताना आपण ओळखीची नावं तेवढी लिहितो आणि मग म्हणतो, मराठीत हल्ली कोणी लिहीत नाही.

अनोळखी नावाचीही एक गोष्ट आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली होती. परीक्षकांनी अनोळखी जगतापांना बक्षीस दिलं. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद याच लेखकाकडे गेलं. आपल्या यादीत १९७४ साली जगताप बसले असते का?

''मुलं इंग्रजीच वाचतात, मग कशाला?'' हा प्रश्न मंडळाच्या दर सभेत येतो. मुलांचं सोडा, मला वाचायचंय. मराठीतली नवी विज्ञानकथा बहुतेकदा आधी दिवाळी अंकात येते. पुस्तक निघालं तर काही वर्षांनी, नाहीतर तुळशीच्या लग्नापर्यंत अंक रद्दीत. म्हणून नवं शोधायची जागा तीच. मेघश्री दळवींच्या कथा तिथे शोधा. विज्ञानापेक्षा अद्भुताची, भयाची ओढ असेल तर हृषीकेश गुप्ते वाचा. त्यांचं 'अंधारवारी' मागवता येईल. धारपांच्या भयकथांवर वाढलेल्यांना ही वाट परकी वाटणार नाही.

नवं मागायचं कसं, हेही नारायणगावातच दिसतं. तिथे तमाशाच्या राहुट्या लागतात. जत्रेची सुपारी द्यायला आलेले गावकरी फडाचं नाव बघतात हे खरं, पण ''यंदा वग कोणता बसवलाय?'' हेही विचारतात. आपण पुस्तकांना हा प्रश्न विचारतच नाही.

माझं मागणं मोठं नाही. यंदाच्या पार्सलमध्ये दोन पुस्तकं कमी करा आणि पाच दिवाळी अंक घाला, त्यात मराठी विज्ञान परिषद पत्रिकेचा एक धरा. प्रत्येक अंकातल्या विज्ञानकथांची, अद्भुतकथांची नावं एका वहीत उतरवायचं काम माझ्याकडे. वही घेऊन ठेवली आहे. पहिल्या पानावर कथा, लेखक, अंक, वर्ष असे चार रकाने आखलेत आणि शेवटी पाचवा: 'कोणी वाचली'.