राखेचा खोटा हिशेब

‘राख हेच उत्तम खत. वाडवडील राब भाजतच आले. मग वाडीतला पातेरा, म्हणजे गळलेला पाला, जाळला तर बिघडले कुठे?’ वसई पट्ट्यात आगाशी-निर्मळपासून भुईगावपर्यंत हा युक्तिवाद ऐकू येतो. ज्यांनी राब कधी पाहिलेला नाही असे सोसायट्यांचे सेक्रेटरीही हल्ली तोच पुढे करतात.

यातला खरा भाग आधी मान्य करू. भाताचे रोप टाकण्याच्या जागेवर शेण, फांद्या, पाला, गवत रचून भाजले, म्हणजेच राब केला, की तणाचे बी मरते आणि रोप जोमाने येते. पुण्यात शेतीरसायनाचे काम करणारे हॅरॉल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ मध्ये राबावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. राब अडाणीपणाचा नव्हता. पण तो असतो रोपापुरत्या तुकड्यावर, वर्षातून एकदा, पेरणीच्या तोंडावर. त्याचा दाखला देऊन अख्ख्या वाडीचा पाला जाळायचा, म्हणजे भाकरीसाठी चूल पेटवतात म्हणून घर पेटवण्यातला प्रकार.

आता हिशेब. पाला पेटला की त्यातले बहुतेक नत्र धुराबरोबर जाते, गंधकाचा बराच भाग जातो, कर्ब तर जातोच. राखेत उरतात पालाश, चुना आणि थोडे स्फुरद. पालाश पाण्यात चटकन विरघळतो, आणि इथला पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर. किनाऱ्याची माती रेताड. तिच्यात अन्न धरून ठेवणारी चिकणमाती फारच थोडी. हे धरून ठेवण्याचे काम इथे मुख्यतः कुजलेला पाला करतो. तोच जाळला तर राखेतला पालाश जूनच्या पहिल्या सरींतच खाली वाहून जाणार.

पावसाळा संपला की पुढचे आठ महिने पाऊस नाही. उघड्या वाळूतले पाणी ऊन खेचून घेते, मग मोटार जास्त चालते. समुद्राजवळ उपसा वाढला की विहीर मचूळ होते, हे वसईच्या पश्चिम पट्ट्याला सांगायला नको. आळ्यात चार बोटे पातेरा असेल तर दोन पाण्यांमधले अंतर वाढते.

‘पाला कुजताना नत्र ओढतो’ हा आक्षेप पाला मातीत गाडला तर लागू पडतो. वर पसरला तर फारसा नाही. वाळवीची भीती असेल तर बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवावी. आणि साप? तो उंदरामागे येतो, उंदीर येतो खरकट्यामागे. खरकटे कोण टाकतो, ते सेक्रेटरींनी पाहावे.

वणव्याचा मुद्दा मात्र वजनदार आहे. तुंगारेश्वर अभयारण्यात उन्हाळ्याआधी पानगळीचा थर साचतो आणि एक विडी पुरते. म्हणून वनखाते जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढते, आणि त्या हव्यातच. पण रेषा ही रेषाच असते. तिच्या नावाखाली रान झाडून काढता येत नाही. उतारावरचा पाला गेला की पावसाचा थेंब सरळ मातीवर आदळतो, आणि ती माती ओढ्यांतून वसईच्या सखल भागात उतरते. पूर आला की गटारांना शिव्या घालणाऱ्यांनी डोंगराकडेही एकदा पाहावे.

पाला राखून शेती होते का, असे विचारणाऱ्यांनी पालघर जिल्ह्याची हद्द ओलांडून उंबरगावजवळच्या देहरीला जावे. भास्कर सावे यांनी तिथे ‘कल्पवृक्ष’ ही नारळ-चिकूची बाग रासायनिक खतांशिवाय, पाला जमिनीवरच ठेवून उभी केली. जपानचे नैसर्गिक शेतीवाले फुकुओका ती बघायला आले. आपल्याला जायला तीन तासही लागत नाहीत.

राहिला शहराचा प्रश्न. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंदी घातली. त्याच वर्षी हरित लवादाने पाच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत दंडही ठरवला. पण नुसत्या दंडाने पाला कुठे न्यायचा ते ठरत नाही. रस्त्यावरचा पाला उचललाच पाहिजे, नाहीतर गटार तुंबते. तो गोखिवऱ्याच्या कचराभूमीवरच्या ढिगात न टाकता प्रभागात वेगळा साठवून वाडीवाल्यांना द्यावा. पुण्यात अदिती देवधर यांच्या ‘ब्राऊन लीफ’ने पाला नको असलेल्यांची आणि हवा असलेल्यांची गाठ घालून दिली आहे, आपल्याकडे तर दोघे एकाच महापालिकेच्या हद्दीत राहतात. वाडीवाल्यांची एकच अट असेल आणि ती रास्त आहे: पोत्यात गुटख्याच्या पुड्या आणि फुटकी काच नको. हे वेचून काढायचे काम सोसायट्यांचे.