टाकी कुठे धुता?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या आपल्या दवाखान्यांत येणारे पाळीव कासव बहुधा रेड-इअर्ड स्लायडर असते. डोळे सुजलेत, कवच मऊ पडलेय, खात नाही, अशी तक्रार असते. आपण जीवनसत्त्वे, कॅल्शियम, गरज पडली तर प्रतिजैविक देतो. टाकी कुठे धुता आणि कशाने, हे मात्र क्वचितच विचारतो. विचारले तर वन रूम किचनच्या घरातून हमखास उत्तर येते: स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, भांड्यांच्या घासणीने आणि वर थोडे फिनेल.

यातली प्रत्येक गोष्ट थांबवायला हवी. ठणठणीत दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो, आणि स्लायडर विष्ठा पाण्यातच करतो. लहान मुले आजारी पडू लागली म्हणून अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली. पाच वर्षांखालची मुले, गरोदर बाई किंवा वृद्ध ज्या घरात आहेत, तिथे कासवाचे पाणी सिंकमध्ये जाताच कामा नये. ते शौचकूपात ओतावे. फिनेलमधली फिनॉल वर्गातली द्रव्ये तर सरपटणाऱ्या प्राण्यांना घातक.

घाण तशीच ठेवून वर जंतुनाशक ओतले, तर क्लोरिन त्या घाणीवरच खर्ची पडते. म्हणून कासव दुसऱ्या टबात ठेवून टाकी आधी साबणाने घासायची. मग एक लिटर पाण्यात साधारण 30 मिलिलिटर घरगुती ब्लीच (पाच टक्क्यांचे) घालून ते दहा मिनिटे राहू द्यायचे, वास जाईपर्यंत धुवायचे आणि पूर्ण वाळवायचे. ब्लीचमध्ये संडास साफ करायचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो. गेको आणि सापांतल्या क्रिप्टोस्पोरिडियमवर ब्लीच पुरेसे चालत नाही. तिथे सच्छिद्र लाकूड, दगड टाकून दिलेलेच बरे.

आपल्या दवाखान्यातला टबही याच नियमात बसतो. एका कासवाला डुंबवलेल्या टबात दुसरे कासव तसेच सोडणे अक्षम्य आहे.

धुऊन धुऊन कंटाळलेला मालक एक दिवस स्लायडर तलावात सोडतो, आणि ही परकी जात तिथल्या देशी कासवांच्या मुळावर उठते. तेव्हा पुढच्या कासवाच्या केसपेपरवर औषधांच्या वर टाकी धुण्याची रीत मराठीत लिहून द्या, आणि कासव सांभाळणे जमत नसेल तर तलावात न सोडता आपल्याकडेच आणायला सांगा.