दोन गाड्यांची एक गाडी

जुनी वस्तु टाकून नवी घेणें हा हल्लींचा रिवाज. जुनी वस्तु जुन्याच वस्तूच्या आधारानें उभी करणें हा आमच्यासारख्या पेन्शनर मास्तरांचा. ज्यांच्या दारांत अद्याप एखादी पद्मिनी किंवा अँबॅसडर उभी आहे, त्यांच्या घरीं एक प्रश्न केव्हां ना केव्हां निघतोच. त्याच जातीची दुसरी एखादी बंद पडलेली गाडी हातीं आली, तर तिच्या इंजिनाचे भाग काढून आपल्या गाडीस बसवितां येतील काय? दोन्ही गाड्या एकाच सांच्यांतल्या. मग अडचण ती कसली? या प्रश्नाचें उत्तर आम्हीं गेल्या वर्षीं पदरमोड करून मिळविलें. वाचकांस तें पदरमोड न करितां मिळावें, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध जोडून मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत ही गाडी काढली. १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट म्हणून निघूं लागली. १९७४ च्या सुमारास तिला पद्मिनी हें नांव मिळालें, आणि २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या टॅक्सींच्या तांड्यांतूनहि ती ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. अशा गाडीचे सगळेच भाग आतां दुकानांत कोठून मिळावे? एका पद्मिनीनें दुसरीस जगवावें, हाच पुष्कळदां मार्ग उरतो.

आमच्या गाडीचें इंजिन तेल पिऊं लागलें होतें. मागून निळा धूर येई, आणि चढावर आंतून ठोके ऐकूं येत. तिकडे कोल्हापुरास आमच्या धाकट्या बहिणीच्या घरीं मेहुण्यांची पद्मिनी सहा वर्षें पडवीशेजारीं उभी होती. मेहुणे गेल्यापासून तिला कोणी हात लाविला नव्हता. पत्रा गंजून चाळण झालेला. बहीण म्हणाली, "दादा, तूं घेऊन जा. तुझी गाडी चालली म्हणजे ह्यांचीच चालली असें मी समजेन. मात्र इंजिन भंगारांत घालूं नकोस." आम्हीं मनांत म्हटलें, हा बायकांचा भाबडेपणा! आम्हांस हवा होता केवळ क्रँकशाफ्ट. बाकीचें लोखंड सांभाळून काय करावयाचें?

एका कारागिरानें दोन्ही इंजिनें एकाच अंगणांत उघडलीं. दोहोंचे नटबोल्ट एकाच घमेल्यांत पडले. मेहुण्यांच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट आणि त्यास खालून धरणाऱ्या मुख्य बेअरिंगांच्या टोप्या त्यानें आमच्या ब्लॉकला बसविल्या. बोल्ट बरोबर बसले. तेव्हां भागहि बरोबर बसले, असें त्यानें मानिलें व आम्हींहि मानिलें. इंजिन जड फिरे, तर तो म्हणाला, "नवीन काम आहे गुरुजी, चार दिवस जड जाणारच." पांचव्या दिवशीं कोल्हापुरास निघालों. मुदाळतिट्ट्याच्या अलीकडे तेल जळल्याचा वास आला, ठोके वाढले आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. बेअरिंगांवरील मऊ धातु पुसून गेला होता.

गाडी दोरानें ओढीत कोल्हापूरच्या उद्यमनगरांत नेली. तेथें ऑईल इंजिनांच्या भरभराटीच्या काळापासून लेथवर उभा असलेला एक वृद्ध मिस्त्री भेटला. त्यानें टोप्या पाहिल्या आणि पहिला प्रश्न केला, "त्या दुसऱ्या इंजिनाचा ब्लॉक कुठं हाय? भंगारात घातला न्हाई न्हवं?" घातला नव्हता. भंगारवाल्याशीं भाव ठरला होता. बहिणीच्या शब्दाखातर आम्ही नुसती चालढकल करीत होतों. मिस्त्री म्हणाला, "मग वाचला गुरुजी. दोन्ही इंजिनं कारखान्यानं एक केली हुती, पर रस्त्यानं येगळी केली."

या एका वाक्यांत सारें शास्त्र आहे. १९०८ सालीं इंग्लंडांतील ब्रुकलँड्स येथें एक प्रसिद्ध परीक्षा झाली. कॅडिलॅक जातीच्या तीन गाड्या पूर्णपणें सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यांत आले. कांहीं भाग काढून त्यांच्या जागीं विक्रेत्याच्या सांठ्यांतले घालण्यांत आले. मग साध्या पान्यांनीं व पेंचकसांनीं पुन्हां तीन गाड्या जोडल्या, आणि त्या पांचशें मैल धांवल्या. या पराक्रमाबद्दल कॅडिलॅकला देवार करंडकाचा मान मिळाला. त्या काळीं प्रत्येक भाग कानशीनें घांसून जागेवर बसविण्याची चाल होती, म्हणून जगास हा चमत्कार वाटला. परंतु एक गोष्ट विसरूं नये. त्या गाड्या नव्या होत्या. कोऱ्या भागांची अदलाबदल आणि चाळीस वर्षें झिजलेल्या भागांची अदलाबदल या दोन अगदीं निरनिराळ्या गोष्टी आहेत.

पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास मूळचा ६८ मिलिमीटर. झीज झाली कीं तो बोअर करून किंचित् मोठा करितात व त्यांत तितकाच मोठा पिस्टन घालतात. एक इंजिन दोनदां बोअर झालेलें, दुसरें एकदांहि नाहीं, तर एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या उपयोगाचा नाहीं. क्रँकशाफ्टचें उलट आहे. तो घांसून बारीक करितात व बेअरिंग तितकें जाड घालतात. म्हणजे नांवानें एकच असलेल्या दोन शाफ्टांत पाव मिलिमीटरचा फरक असूं शकतो, आणि इंजिनांत पाव मिलिमीटर म्हणजे आभाळाएवढें अंतर. मुख्य बेअरिंगांच्या टोप्यांची कथा तर याहून निराळी. कारखान्यांत त्या प्रथम ब्लॉकला आवळतात आणि मग दोहोंचें मिळून एक भोंक पाडतात. वरचें अर्धवर्तुळ ब्लॉकमध्यें, खालचें टोपींत. दुसऱ्या ब्लॉकचें अर्धवर्तुळ त्यास कसें जुळावें? कनेक्टिंग रॉड व त्याची टोपी, कॅमशाफ्ट व त्यावर घांसणारे टॅपेट, व्हॉल्व्ह व त्याची बैठक, हीं सर्व अशींच जोडपीं आहेत. उलटपक्षीं कार्बोरेटर, स्टार्टर, पाण्याचा पंप, पेट्रोलचा पंप, डिस्ट्रिब्यूटर हे बाहेरून लागणारे भाग. ते खुशाल एका गाडीचे दुसरीस लावावे. मात्र गाड्यांच्या नांवावर भुलूं नये. पद्मिनी शेवटच्या वर्षांत डिझेल इंजिनाचीहि निघाली, आणि अँबॅसडरचें जुनें १४८९ सी. सी. चें पेट्रोल इंजिन जाऊन पुढें इसुझूच्या धर्तीचें १८०० चें आलें. नांव तेंच, आंतला जीव दुसरा.

आम्हांस यावरून व्याकरणांतील एक गोष्ट आठवली, आणि आपण ती जन्मभर मुलांस शिकविली असून आपल्यास वेळेवर आठवली नाहीं याची लाजहि वाटली. एक वर्ण जाऊन त्याच्या जागीं दुसरा येतो, तेव्हां जाणारास 'स्थानी' व येणारास 'आदेश' म्हणतात. येणारा कोण असावा? पाणिनि सांगतो, जो जाणाराशीं सर्वांत जवळचा असेल तो. इति आणि अपि यांचें इत्यपि होतें. इकाराच्या जागीं यकारच येतो, कारण दोघेहि तालव्य. येणारास जाणाराचे अधिकार मिळतात, हेंहि तो सांगतो. पण जेथें त्या वर्णाच्या स्वतःच्या रूपावरच कार्य अवलंबून असेल तेथें मिळत नाहींत, असा अपवादहि घालतो. टोपीची जागा घेतल्यानें टोपीपण येतें, परंतु जेथें प्रत्यक्ष मापावरच काम आहे तेथें येत नाहीं. आमच्या कारागिरानें अपवाद सोडून सूत्र लाविलें, आणि आम्हीं मास्तर असून त्याचा पेपर न तपासतां पास केला!

शेवटीं मिस्त्रीनें उलटा मार्ग घेतला. आमचा ब्लॉक बोअर होऊन होऊन संपला होता. मेहुण्यांचा मूळ मापाचा होता. त्यांच्याच ब्लॉकला त्यांच्याच टोप्या क्रमवार परत बसविल्या, शाफ्ट एक माप घांसून त्यास जाड बेअरिंगें घातलीं, सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन घातले, आणि आमच्या इंजिनाचे केवळ बाहेरचे भाग त्यावर चढविले. आम्ही एक भाग आणावयास गेलों होतों. आलें अखेर सगळें घर.

पण इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला म्हणजे नोंदणी-पुस्तकांतील क्रमांक खोटा ठरतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पांच पांच वर्षांनीं नवी करावी लागते, तेव्हां तपासणींत हें उघडकीस येतेंच. विम्याच्या वेळीं तर अधिकच अडचण. म्हणून बहिणीचें वारसपत्र व संमतिपत्र जोडून परिवहन कार्यालयाची परवानगी घेतली. चार हेलपाटे पडले, पण नोंद झाली.

नवीन नोंदणी-पुस्तक बहिणीस दाखविलें. तिनें चष्मा लावून इंजिनाचा क्रमांक जुन्या कागदाशीं एकेक आंकडा ताडून पाहिला आणि म्हणाली, "ठेव आतां जपून." नंतर तिला घेऊन आम्ही पाटगांवास मौनी महाराजांच्या दर्शनास जाऊन आलों. वाटेंत ती फारसें बोलली नाहीं. आम्हींहि भाबडेपणाचा शब्द परत घेतला; फक्त तो मनांत उच्चारलेला असल्यानें मनांतच घेतला.

ज्या वाचकांच्या घरीं अशा दोन गाड्या असतील त्यांस एवढेंच सांगणें. उघडण्यापूर्वीं प्रत्येक टोपीवर व रॉडवर खूण करा; दोन इंजिनांचे भाग दोन पेट्यांत ठेवा; माप घेतल्यावांचून आंतला कोणताहि भाग दुसरीकडे नेऊं नका; आणि जोंवर एक गाडी हजार मैल चाललेली नाहीं, तोंवर दुसरीच्या लोखंडासाठीं भंगारवाल्यास हांक मारूं नका.