दुसरी पाचवी

मूल जन्मले की पाचव्या दिवशी सटवाई येते आणि त्याच्या कपाळी काय लिहायचे ते लिहून जाते, असे आपल्या आज्या सांगत. तिच्यासाठी पाटा-वरवंटा मांडायचा, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. आमच्या कोल्हापुरातल्या मध्यमवर्गीय घरांत आता आणखी एक पाचवी पुजली जाऊ लागली आहे. मूल चौथीत गेले की तिची चाहूल लागते. या पाचवीची सटवाई मात्र घरी येत नाही. तिच्या दाराशी आपणच जायचे, फॉर्म आणायचा आणि लेकराचे नशीब आपल्याच हाताने भरून द्यायचे. तेही खाडाखोड न करता.

यंदा आमची पाळी आहे. धाकटी कन्या घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत चौथीत शिकते. शाळा सातवीपर्यंत आहे. तेव्हा तिला तिथेच ठेवावी, की पाचवीपासून एखाद्या अनुदानित हायस्कुलात घालावी, की थोरल्याच्या पाठोपाठ इंग्रजी शाळेत, या प्रश्नाने घरातला चहा निवू लागला आहे. बाहेर तर विचारूच नका. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. त्यामुळे माझ्या घरी काय ठरते यावर गल्लीचा डोळा. शेजारच्या वहिनी परवा सांगत होत्या, "भावजी, मी चार शाळा बघून आलो. एका ठिकाणी पोहायचा टँक हाय, पण गणित कोण शिकवतंय ते कुणी सांगंना!" (कोल्हापूरच्या बायका "मी आलो, मी गेलो" असेच बोलतात. त्यांना व्याकरण शिकवण्याची माझी आजवर छाती झालेली नाही.)

खरे तर शाळेसाठी डोके खाजवण्याची ही चैन या गावाला नवी आहे. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. पुढे १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. सगळ्यांची मुले एका बाकावर बसावीत म्हणून राजाने दंड लावला, आणि ती तशी बसू नयेत म्हणून आम्ही आज राजीखुशीने हजारो रुपये भरतो.

हे लिहिताना माझी मान ताठ आहे असे समजू नका. थोरल्या चिरंजीवांना आम्ही बालवाडीपासून इंग्रजी शाळेत घातले. शाळेचे नाव सांगत नाही. दोष तिचा नाही, घाई आमची. मुलगा आज नववीत आहे, हुशार आहे. गेल्या दिवाळीत गारगोटीहून आजीचे पत्र आले, खास त्याच्या नावाने. छापील मराठी तो वाचतो, पण आजीचे लपेटीचे अक्षर त्याला लागेना. पत्र माझ्यापुढे धरून म्हणाला, "बाबा, वाचून दाखव ना." मी आपला मोठ्याने वाचत सुटलो. चौथ्या ओळीत होते, "तुझ्या आजोबांचे मनगटी घड्याळ तुझ्यासाठी राखून ठेवले आहे, पण हे तुझ्या बाबाला सांगू नकोस, त्याला ते फार हवे होते."

त्या दिवसापासून धाकटीच्या बाबतीत मी जपून पावले टाकतो आहे. सुट्टी काढून तीन शाळा पाहिल्या. हायस्कुलात प्रयोगशाळा आहे, मैदान आहे, गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत असे सेमीचे वर्ग आहेत, आणि एकदा पाचवीला घातले की दहावीपर्यंत घोर नाही. पण एका वर्गात साठाच्या वर मुले मोजली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. गणित-विज्ञानाला, समाजशास्त्राला आणि भाषेला निदान एकेक वेगळा शिक्षक हवा, असेही त्यात आहे. तेव्हा माझे पालकांना सांगणे एवढेच की, कमानीचा रंग पाहू नका. मुलांची वही मागा आणि शेवटच्या पानापर्यंत तांबडी शाई पोचली आहे का ते पाहा. आमच्या कन्येने तर आम्हां दोघांना न सुचलेला प्रश्न विचारला : "मुलींच्या बाथरूमला कुलूप असतं का? किल्ली कुणाकडं असते?" तीनपैकी एका ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. सौभाग्यवतींनी ती शाळा तिथल्या तिथे खोडली.

महापालिकेची शाळा म्हटली की नाक मुरडणाऱ्यांनी एकदा जरगनगरला जाऊन यावे. तिथल्या लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिरात पाडव्याला होणाऱ्या प्रवेशासाठी पालक आदल्या रात्रीपासून रांगेत बसल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत छापून आल्या आहेत. आमच्या शाळेला तसले भाग्य नाही. पण वह्या तपासलेल्या होत्या. शिष्यवृत्तीची परीक्षा २०१७ पासून पाचवी-आठवीला गेली, २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचे ठरले. या ये-जा करण्यात बाई न वैतागता मुलांना जादा तासाला बसवत होत्या.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला चहा दिला आणि हजेरीपट पुढे केला. चौथीनंतर निम्मी मुले दाखला नेतात. पट घटला की संचमान्यतेत शिक्षकाचे पद जाते, पद गेले की दोन वर्ग एका शिक्षकाकडे येतात, आणि ते पाहून उरलेले पालक दाखले मागायला येतात.

"सर," बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी गेली तर माझा पट एकनं कमी होणार नाही, सहानं होणार. तुमच्याकडं बघून गल्लीतली पाच घरं ठरवत्यात."

चहा संपवणे मला कठीण गेले. घरी आल्यावर सौ.ना सांगितले. त्या म्हणाल्या, "पट भरायला मुलगी देऊ नका. ती तिथं शिकणार असेल तर ठेवा." दोन दिवस आम्ही फारसे बोललो नाही. त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि बाईंचेही खोटे नाही.

अखेर सातवीपर्यंत तिथेच ठेवायचे ठरले आहे. गणिताची बाजू लंगडी पडली तर मी काय करणार, हा प्रश्न सौ.नी राखून ठेवला आहे. हायस्कुलाचा फॉर्म त्यांनी फाडलेला नाही. तो कपाटात, रेशनकार्डाखाली आहे.

सध्या आजीला दिवाळीचे पत्र लिहिणे चालू आहे. थोरला सांगतो, धाकटी लिहिते. त्यात माझ्याविषयी काय आहे ते दाखवायला दोघांनीही साफ नकार दिला आहे.