साक्ष मंचावर, कसोटी पंगतीत

उन्हाळी कन्व्हेन्शनची शेवटची रात्र. मंडप भरलेला, कीबोर्डवाला एकच सूर धरून बसलेला. वक्ता विचारतो, "पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा कोणाकोणाला मिळालाय?" हात वर होतात. ज्यांचे होत नाहीत ते सतरंजीकडे पाहू लागतात. तेवढ्या अर्ध्या मिनिटात मंडळीचे दोन वर्ग पडतात : पोहोचलेले आणि न पोहोचलेले. पोहोचलेल्यांत एखादा सहा महिन्यांपूर्वी पाण्यात उतरलेला तरुण असतो. न पोहोचलेल्यांत अंथरुणाला खिळलेल्या सासूचे वर्षानुवर्षे सगळे केलेली बाई असते. तिला कोणी मंचावर बोलावत नाही, कारण सांगण्यासारखी 'साक्ष' तिच्याजवळ नसते.

या प्रकाराला आमच्या जुन्या मिशन मंडळ्यांतली माणसे हसतात. त्यांनी हसू नये. त्यांचेही एक माप आहे आणि ते याहून बरे नाही. आजोबांचा बाप्तिस्मा कोणत्या साहेबाच्या हातून झाला, वडील किती वर्षे पंच होते, संडेस्कूलच्या परीक्षेत पहिले बक्षीस कोणाचे, कुठले वचन कुठल्या अध्यायात हे चटकन कोण सांगतो, यावर तिथे माणसाची आत्मिक उंची ठरते. एका ठिकाणी अनुभवाचा दाखला लागतो, दुसऱ्या ठिकाणी कुळाचा.

दोन्ही मापांत खोट एकच आहे. ती माणसाला एकट्याला उभे करून मोजतात. पवित्र शास्त्राचे माप निराळे आहे. ते माणसाला इतरांबरोबर बसवते, विशेषतः ज्यांच्याबरोबर बसायला त्याला आवडत नाही त्यांच्याबरोबर, आणि मग काय होते ते पाहते. ख्रिस्ती प्रौढता कळते ती पंगतीत, एवढेच मला म्हणायचे आहे. पण एवढे म्हटले की अंगावर बरेच आक्षेप येतात, म्हणून ते एकेक घेतो.

आत्मिक अनुभव खोटे असतात असे मी म्हणत नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय मानणाऱ्याला तसे म्हणताच येणार नाही. वाद एवढाच की अनुभव हा प्रौढतेचा पुरावा धरायचा का. याचा निकाल करिंथच्या मंडळीवरून लागतो. पौल त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आरंभीच मान्य करतो की या लोकांना कोणत्याही कृपादानाची उणीव नाही. अन्यभाषा आहेत, संदेश आहेत, आरोग्यदाने आहेत. आजच्या कन्व्हेन्शनमध्ये ही मंडळी पहिल्या रांगेत बसली असती. आणि तिसऱ्या अध्यायात तोच पौल त्यांना तान्ही बाळे म्हणतो, अजून दुधावरची. का? तर त्यांच्यात हेवा आहे, भांडणे आहेत, एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसाचा. म्हणजे दाने भरपूर आणि वाढ खुंटलेली, या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात.

पुढे अकराव्या अध्यायात तर तो थेट जेवणाकडेच वळतो. करिंथ दोन बंदरांचे शहर, व्यापारी, शेठ, हमाल, गुलाम, सगळ्यांचे. प्रभुभोजनाला सगळे जमत, पण जो तो आपापले जेवण आधी उरकून घेई. परिणामी एक उपाशी, दुसरा प्यायलेला. दिवस मावळेपर्यंत राबणारे लोक उशिरा पोहोचत असणार आणि त्यांच्यासमोर रिकामी भांडी येत असणार. पौल याला व्यवस्थेतली गफलत म्हणत नाही. प्रभूच्या शरीराचा विचार न करता खाणे-पिणे म्हणतो, दंडास पात्र ठरवतो. आपल्याकडे लग्नात हमखास वाचला जाणारा तेरावा अध्याय याच पत्रातला आहे. तो पौलाने नवरा-नवरीसाठी लिहिलेला नव्हता. कृपादानांनी फुगलेल्या भांडखोर मंडळीला दिलेला तो दम होता.

यावर महाराष्ट्रातला माणूस हमखास मुक्तीचे उदाहरण काढतो. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात मोठे आत्मिक संजीवन झाले, ते काय खोटे? शिवाय रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे की १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांना कळले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे दुसरा अनुभव आलाच की!

आला. पण त्या अनुभवाच्या पुढेमागे बाईंनी काय केले तेही वाचावे. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले ते या जाणिवेच्या आधीच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या बायका-मुलींना आणून केडगावच्या माळावर त्यांनी संसार मांडला. शेती, विणकाम, छापखाना असे सगळे उभे राहिले. संजीवनाच्या बातम्या परदेशी मासिकांत छापून येत होत्या, त्या काळातल्या रमाबाई हिब्रू आणि ग्रीक व्याकरण घेऊन बसलेल्या दिसतात. कमी शिकलेल्या मराठी बाईलाही कळेल असे बायबल त्यांना करायचे होते. त्याचे खिळे मुक्तीतल्या मुलींनीच जुळवले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ ला बाई स्वतः गेल्या. संजीवनाचा दाखला देणाऱ्यांनी हा भागही मंचावरून सांगावा. तो सांगितला जात नाही, कारण व्याकरणाच्या पुस्तकावर कोणी हालेलूया म्हणत नाही.

दुसरा पूर्वपक्ष जास्त चतुर आहे. तो म्हणतो, प्रौढ विश्वासी प्रश्न विचारीत नाही. तो आज्ञेत राहतो. हिशेब मागणारा, संदेशातल्या चुकीवर बोट ठेवणारा, 'पाळकसाहेब, हे शास्त्रात कुठे आहे?' म्हणणारा, हा अजून देहस्वभावी. त्याच्यासाठी एक वचन तयारच असते : देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका.

हे वचन एकशेपाचव्या स्तोत्रातले आहे आणि ज्या अर्थाने वापरले जाते त्याच्या बरोबर उलट्या अर्थाचे आहे. तिथे 'अभिषिक्त' म्हणजे सत्तेवरचा कोणी नव्हे. ते अब्राहाम, इसहाक, याकोब : मूठभर माणसे, घर नाही, दार नाही, या राज्यातून त्या राज्यात भटकणारी. देव दटावतो आहे ते राजांना, की या उपऱ्यांना छळू नका. बिनआधाराच्या माणसाला दिलेले संरक्षण आपण माइक हातात असलेल्याच्या स्वाधीन करून टाकले. उलट, ज्यांना शास्त्र खरोखर शाबासकी देते ते बिरुयाचे लोक प्रत्यक्ष पौलाचे बोलणेसुद्धा रोज शास्त्राशी ताडून पाहत होते.

इथेही रमाबाईच आठवतात. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठात त्या सिस्टर जेराल्डीन यांना आई मानत. पण त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या मठाशी वाद घालत राहिल्या, आणि धर्मगुरू म्हणतात म्हणून मान्य, हे काही त्यांनी मान्य केले नाही. अंडे घातलेला पदार्थ त्या खात नसत. यातही सिस्टरना गर्व दिसला. क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती, तर बाईंनी विचारले की तिथे संस्कृत का नको? लॅटिनबद्दल तुम्हाला ब्राह्मणांना संस्कृतबद्दल वाटते तसलेच काही पवित्र वाटते की काय? ज्या बाईने संस्कृतच्या जोरावर कलकत्त्याच्या पंडितांकडून पदवी मिळवली आणि त्याच पंडितांच्या धर्माला राम राम ठोकला, तिने हा प्रश्न विचारला होता. मठातल्यांच्या मापाने ही मुलगी अपक्व. आज ते मठवासी कोणाला आठवतात ते बहुतेक तिच्या पत्रव्यवहारामुळेच.

अर्थात नुसते प्रश्न विचारणे म्हणजे प्रौढता, असेही नाही. वार्षिक सभेत फक्त कुरापत काढायला उभे राहणारे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. रमाबाईंच्या प्रश्नांमागे त्यांनी मोजलेली किंमत होती. इब्री लोकांस पत्राचा लेखक दूध आणि जड अन्न यांचा दृष्टान्त देतो, तेव्हा जड अन्न कोणासाठी हेही सांगतो : सरावाने ज्यांची बरे-वाईट ओळखण्याची इंद्रिये तयार झाली आहेत त्यांच्यासाठी. सराव हवा. माणूस वाढतो तो रोजच्या निवडीतून, वाकून किंवा ओरडून नव्हे.

आता मुद्द्यावर येतो. कुठली निवड?

पेत्राचे पाहा. पेन्टेकॉस्टच्या दिवशी बोलणारा तोच. यापोत गच्चीवर दृष्टान्त पाहून, मी अजून काही निषिद्ध खाल्ले नाही म्हणून हट्ट धरणारा आणि शेवटी रोमी शताधिपती कर्नेल्याच्या घरी जाऊन जेवणारा तोच. अनुभवांच्या यादीत याच्यापुढे कोण जाईल? तरी अंत्युखियात, यरुशलेमेहून याकोबाकडची माणसे आली मात्र, हा विदेशी भावांच्या पंगतीतून उठला. भीतीने उठला. बर्नबासुद्धा त्याच्यामागे गेला. पौलाने सगळ्यांदेखत त्याला धारेवर धरले. त्याचे कारण असे दिले की ही माणसे सुवार्तेच्या सत्याप्रमाणे नीट चालत नाहीत. कोणाबरोबर जेवायचे हा पौलाला शिष्टाचाराचा प्रश्न वाटला नाही, श्रद्धेचा वाटला.

हा प्रसंग आपल्याला परका नाही. आपल्याकडे येशू स्वीकारलेले कुटुंब मुलीचे स्थळ पाहताना दबक्या आवाजात 'मूळचे कोण?' असे विचारते. अहमदनगर, जालना, सोलापूर, मुंबई, कुठेही विचारते. गोव्यात बामण, चारडी, सुदिर हे भेद चर्चच्या आत शतकानुशतके टिकले, कॉन्फ्रारिया या चर्चमधल्या बंधुमंडळांपर्यंत पोहोचले. पेत्राला किमान कोणीतरी येऊन हटकणारे होते. आपल्याकडे ही विचारपूस करणारा गृहस्थच बऱ्याचदा पंच असतो आणि त्याची उपास-प्रार्थना एकदाही चुकलेली नसते.

याच्या नेमके उलट उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांत काय झाले ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्याला माहीत आहे : विरह, संताप, पंढरपूर, नवऱ्याकडे परतणे, आणि परतल्यावरही सोवळे, वेगळे पाणी, वेगळी चूल. मग राहुरीत त्यांच्या डोक्यात विचार सुरू झाले की जात देवाने केली की माणसाने. माणसाने केली, हे पटले, आणि पटल्यावर त्यांनी ते पाळले. दुसऱ्यांच्या हातचे खाल्ले-प्याले. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. क्रम लक्षात घ्यावा. कागदोपत्री ख्रिस्ती होण्याच्या आधीच ही बाई त्या पंगतीत बसली होती जिच्यातून पेन्टेकॉस्टचा वक्ता उठला होता. म्हणून ती पेत्राहून मोठी असे नाही. पण वाढीचे माप काय, हे त्यावरून नीट कळते.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. हे सगळे म्हणजे कर्माने तारण झाले, कृपेचे काय? उत्तर सरळ आहे. मी तारणाबद्दल बोलतच नाही. वधस्तंभावरच्या चोराला वाढायला एक दिवसही मिळाला नाही, तरी तो सुखलोकात गेला. आपल्याला दिवस मिळाले आहेत. त्यांचे काय केले, हा वेगळा प्रश्न आहे, आणि कृपेची सबब सांगून त्याला बगल देणे हे बालपण लांबवणे आहे.

दुसरा आक्षेप हळवा आहे : मग प्रौढ तरी कोण? कोणीच नाही ना? टिळकांचा शीघ्रकोपी स्वभाव लक्ष्मीबाईंनी लपवला नाही, हसत हसत सगळा लिहिला. बाप्तिस्म्याने तो गेला नाही, काव्यानेही नाही. पण त्याच माणसाने १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले होते तसे न घेतलेलेही होते. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार फारसा टिकला नाही. तरी पगार सोडून पंगत रुंद करणारा हा तापट कवी, पगार आणि पंगत दोन्ही राखून शांत राहणाऱ्यांपेक्षा मला वाढलेला वाटतो. पौलही फिलिप्पैकरांस सांगतो की मी अजून पूर्ण झालो नाही, धावतो आहे, आणि लगेच म्हणतो की जे प्रौढ असतील त्यांनी हीच वृत्ती ठेवावी. आपण पोहोचलो असे हात वर करून सांगणाऱ्याची पंचाईत तिथेच होते.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीचा अध्यक्ष कसा असावा याची यादी आहे. आदरातिथ्य करणारा असावा, भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा, घर नीट चालवणारा असावा, नवशिका नसावा, बाहेरच्या लोकांनीही त्याच्याविषयी चांगले बोलावे. शिकवता आले पाहिजे, हेही आहे. दृष्टान्त किती पाहिले, अन्यभाषा येते का, आजोबा कोण होते, यांतले एकही कलम त्या यादीत नाही.

तेव्हा पुढच्या पंचांच्या निवडणुकीला एवढे करा. अर्ज मागवण्याआधी हा अध्याय सभेत मोठ्याने वाचा. मग उमेदवाराच्या साक्षीवर थांबू नका. त्याच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईला, त्याच्या हाताखालच्या शिपायाला, त्याच्या ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्याला विचारा. 'बाहेरच्यांची साक्ष' म्हणजे हीच माणसे, आणि त्यांना विचारायला मंडळीच्या घटनेत दुरुस्ती करावी लागत नाही.